भिंगरीचं वजन

आमच्या भाऊजींसमोर ‘थोडंसं’ म्हणायची सोय नाही. चहात थोडंसं दूध घाला म्हटलं की भांडं तसंच हातात धरून विचारणार, थोडंसं म्हणजे किती? मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते नुकते कामाला लागलेले, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं होतं की वहिनी, भातात पाणी मोजून घालता की अंदाजाने? मी म्हटलं, डोळ्यांनी घालते. त्यांनी माझ्याकडे इतक्या काळजीने बघितलं की मला वाटलं, आता भाताबरोबर माझीही तपासणी होणार. त्या दिवसापासून मी त्यांना अचूकराव म्हणते. नाव असं चिकटलं की बाजारातही लोक तेच म्हणतात. ते वरवर नको नको करतात, पण त्यांना आवडतं.

त्यांचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. बाजाराच्या टोकाला कुलपांच्या दुकानाला लागून त्यांचं दुकान आहे. आत दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं, एवढंसं. फळ्यांवर काटेच काटे. सोनाराचे काचेच्या पेटीतले, भाजीवाल्यांचे पत्र्याच्या ताटांचे, पोती चढवायचे लोखंडी. पितळेची वजनं डब्यात मखमलीवर. त्यांना बोट लावायचं नाही, चिमट्याने उचलायचं, कारण बोटाचा घाम वजनाला चिकटतो. काटा तपासताना पंखा बंद. उन्हाळ्यात तिथे नुसतं उभं राहिलं तरी जीव नकोसा होतो, पण भाऊजी घामाने निथळत आकड्याकडे बघत असतात, आणि आकडा थांबला की त्यांचा श्वास सुटतो.

गिऱ्हाइकांची तक्रार बहुतेक एकच, काटा चुकतोय. भाऊजी लगेच पाना उचलत नाहीत. आधी म्हणतात, तुम्ही वजन कसं करता ते दाखवा. कोपऱ्यावरचा फळवाला तर भांडायला आल्यासारखा यायचा. काटा टेबलावर आपटायचा, वर फळं ठेवायचा आणि आकडा दाखवायचा. भाऊजी आकड्याकडे न बघता त्याच्या पोटाकडे बघायचे. ढेरी ताटाच्या कडेला टेकलेली असायची. ते शांतपणे सांगायचे की काटा बरोबर आहे, तुम्ही टेकलाय. फळवाला एक पाऊल मागे सरला की आकडा जागेवर. मग तो हसायचा, आणि पुढच्या वेळी पुन्हा तसाच टेकून उभा राहायचा. भाऊजी म्हणायचे, काटे फारसे बिघडत नाहीत हो वहिनी, माणसं त्यांना टेकून उभी असतात आणि त्यांचं त्यांनाच कळत नाही.

अशा माणसाला लग्नानंतर फार वर्षांनी मुलगी झाली.

आम्ही वरच्या मजल्यावर, ते खाली. मधली जमीन इतकी पातळ की खाली चमचा पडला तर तो मोठा की छोटा हे मला वर कळतं. मी घरीच पडदे शिवते. आमचे हे ट्रक चालवतात, त्यामुळे महिन्यातले बरेच दिवस घरात मी आणि माझं मशीन. पोरं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागलेली. तेव्हा ही मुलगी जेवढी धाकट्या जावेची, तेवढीच माझी, हे मी आधीच जाहीर करून टाकलं होतं. धाकटी चष्म्याच्या दुकानात काम करते. बाळंतपणानंतर ती अर्धा दिवस जायला लागली, आणि तेवढा वेळ मुलगी माझ्याकडे. ती झोपेतसुद्धा पाय झाडायची, म्हणून मी तिला भिंगरी म्हणायला लागले. घरातली नावं ठेवायचं खातं माझ्याकडेच आहे.

भिंगरी जन्मलीच बारीक. पण डोळे टक्क, हात सतत काहीतरी ओढायला निघालेले. सहा महिन्यांची झाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तपासलं, बाळ छान आहे म्हणाल्या, आता दुधाबरोबर वरचं खाणं सुरू करा म्हणाल्या, आणि पुढच्या बाळाला बोलावता बोलावता म्हणाल्या, "वजनाकडे जरा लक्ष ठेवा." दुसऱ्या कुठल्याही बापाने मान हलवली असती आणि दाराबाहेर पडेपर्यंत विसरला असता. हे वाक्य आमच्या अचूकरावांना सांगायला नको होतं.

त्याच आठवड्यात ते बाळांचा काटा घेऊन आले. कुठला तरी दवाखाना बंद झाला होता, त्याच्या भंगारात तो निघाला. खाली जाड पाय, वर पांढरं पसरट पत्र्याचं ताट. भाऊजींनी तो उघडला, आतलं कोळ्याचं जाळं काढलं, तेलपाणी केलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसवला, कारण घरात तेवढी एकच जागा सपाट होती. मग पद्धत ठरली. खायच्या आधी भिंगरीचे कपडे काढून तिला ताटात ठेवायचं. मग भरवायचं. भरवून झालं की पुन्हा ताटात. दोन आकड्यांतला फरक म्हणजे पोटात गेलेलं अन्न. हे मला समजावताना त्यांचा चेहरा असा फुलला होता की जणू त्यांच्याआधी जगात कोणी मूल वाढवलंच नव्हतं.

खरं सांगायचं तर सुरुवातीला आम्हाला मजा वाटली. धाकटी हसायची, मी हसायचे. पंखा बंद करा, खिडकी लावा, कोणी टेबलाला हात लावू नका, असा सगळा थाट. पण मूल हललं की आकडा थांबत नाही, म्हणून भाऊजी तिच्या छातीवर अलगद तळहात ठेवून म्हणायचे, हलू नको, हलू नको बाळा. आणि भिंगरीला तर हलल्याशिवाय जगताच येत नव्हतं. ती ताटात ताठ व्हायची, लाल व्हायची, किंचाळायची. आकडा मिळाला की भाऊजी तिला उचलून घ्यायचे, पापे घ्यायचे. दिवसातून कितीदा तरी हे चालायचं, आणि काही दिवसांत ते किंचाळणं आमच्या अंगवळणी पडलं. नळाचा आवाज असतो ना घरात, तसं.

मग भिंगरीने खाणं बंद केलं.

एकदम नाही. आधी चार घासांचे दोन झाले, मग वाटी दिसली की तोंड शिवल्यासारखं बंद. मान इकडून तिकडे, चमच्याला असा फटका की गाजर भिंतीवर. आईचं दूध तेवढं प्यायची, तेही पहाटे तिच्या कुशीत अर्धवट झोपेत. वर मला खालचा सगळा आवाज ऐकू यायचा. चमचा वाटीवर वाजतोय, धाकटी गाणं म्हणतेय, भाऊजी विनवतायत, मग ते किंचाळणं. माझी शिवण वाकडी जायची. मी खाली जायचे, मला बघून धाकटीचे डोळे भरायचे, मी पुन्हा वर यायचे, मशीनवर बसायचे, पुन्हा उठायचे. एका ग्राहकाचा पडदा मी त्या काळात उलटा शिवला, आणि त्याने तो तसाच नेला, बिचारा.

भाऊजींचं एकच म्हणणं होतं की खाणं चुकतंय, ते दुरुस्त केलं पाहिजे. त्यांनी फोन उघडला, आणि फोनमधून एकेक पद्धत बाहेर पडायला लागली. पहिली रंगांची. एका दिवशी एकाच रंगाचं अन्न. हिरव्या दिवशी पोर, टेबल आणि धाकटीचा झगा सगळं हिरवं झालं, पोटात काही गेलं नाही. मग कळलं की दात आल्याशिवाय धान्य द्यायचंच नसतं, म्हणून भात बंद. मग एक डबा आला. त्यावर पैलवानासारखं बाळ होतं आणि आत कुठल्या तरी दूरच्या डोंगरावरच्या बियांची पूड. ती पाण्यात कालवली की भिंत सारवता येईल असं काहीतरी तयार व्हायचं. मग चमचाच वाईट ठरला, मुलांनी आपल्या हाताने खायचं. त्यात काही वावगं नाही, माझी पोरंही हातानेच खायला शिकली. पण भाऊजी उकडलेल्या भाजीचे तुकडे आधी तोलून तिच्यासमोर मांडायचे आणि तिने फेकलेले जमिनीवरून वेचून पुन्हा तोलायचे. त्यांना तसं टेबलाखाली रांगताना बघून मला हसावं की रडावं कळेना. शेवटी आली शांततेची पद्धत. मूल जेवताना कोणी बोलायचं नाही. त्या आठवड्यात मी खाली गेलेच नाही.

प्रत्येक पद्धत सांगणारा माणूस छातीठोकपणे बोलायचा, आणि प्रत्येकाजवळ आकडे असायचे. आकडे दिसले की आमचे भाऊजी विरघळले. मागच्या आठवड्यातलं अमृत या आठवड्यात विष व्हायचं, आणि तरी त्यांना शंका येत नव्हती. धाकटी मेटाकुटीला आली होती. एकदा तिने मला विचारलं की ताई, माझंच काही चुकतंय का? मला भाऊजींचा असा राग आला की मी जिन्यात उभी राहून एकटीच त्यांच्याशी भांडले.

मीही काही साधुसंत नव्हते. भिंगरी वर माझ्याकडे असली की जे सापडेल ते तोंडात घालायची. पडद्याची दोरी, कापडाची चिंधी, एकदा तर पावाची कडा तिने माझ्या ताटातून पळवली आणि मशीनखाली बसून चोखून संपवली. मी काय निष्कर्ष काढला? की पोरीला चव हवी आहे. मग मी चहात बिस्कीट बुडवून तिला द्यायला लागले, चोरून, आणि ती मिटक्या मारत खायची. मनातल्या मनात मी जिंकले होते.

पुढच्या तपासणीला मी हट्टाने बरोबर गेले आणि मोठ्या तोऱ्यात बिस्किटाचं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. चहाने अन्नातलं लोह अंगी लागत नाही, गोडाने पोट भरलं तर जेवेल कोण, असं त्यांनी मला चांगलं सुनावलं. माझा चेहरा पडला. भाऊजींनी माझ्याकडे बघून मान हलवली, तर बाईंनी लगेच मोर्चा त्यांच्याकडे वळवला. भाऊजींनी दाखवायला आणलेला पुडीचा डबा बाईंनी हातात घेतला, वाचला आणि बाजूला सारला. म्हणाल्या, भात, डाळ, अंडं, बटाटा, भाजी, फळ. तुमच्या घरात शिजतं तेच, मीठ आणि तिखट घालायच्या आधी बाजूला काढून, कुस्करून, वर थोडं तेल नाहीतर लोणी. आईचं दूध चालू. बाकी काही विकत आणायला नको. भाऊजींनी विचारलं, थोडं म्हणजे किती? मी त्यांना कोपराने ढोसलं.

पण मग बाईंनी भिंगरीला त्यांच्या ताटात ठेवलं. ती किंचाळली, आणि आकडा बघून बाईंचा चेहरा बदलला. वजन मागच्या वेळेपासून वाढलंच नव्हतं, उलट किंचित उतरलं होतं. रक्तही कमी होतं. त्यांनी औषधाचे थेंब लिहून दिले आणि सावकाश सांगितलं, "महिन्याने या. तोपर्यंत खायला लागली नाही, तर दाखल करून नाकातून नळीने द्यावं लागेल."

घरच्या काट्याचं बाईंना कोणीच सांगितलं नाही. लपवलं नाही, सुचलंच नाही. आमच्या घरात काटा म्हणजे टेबलाखुर्चीसारखा. टेबलाखुर्चीबद्दल डॉक्टरला कोण सांगतं?

त्या नळीने आमचा जीव टांगणीला लागला. एवढंसं नाक, त्यात नळी. भाऊजींनी फोनमधल्या पद्धती पुसून टाकल्या. पुडीच्या डब्यात आता स्क्रू ठेवतात. बाईंनी सांगितलं तसंच शिजायला लागलं. मऊ भात, डाळ, कुस्करलेला बटाटा, अंड्याचा बलक, वर लोणी. मला स्वतःला ती वाटी ओढून घ्यावीशी वाटायची. आणि भिंगरी तरीही तोंड उघडेना. हे सगळ्यात वाईट होतं. इतके दिवस चुकीचं खाणं होतं म्हणून ती खात नव्हती असं म्हणता येत होतं. आता काय म्हणायचं? भाऊजी दर खाण्याला दोनदाऐवजी तीनदा वजन करायला लागले. मधेच उठून पंखा बंद करायचे, सुरू करायचे. दुकानातून घरी फोन, घासभर तरी गेलं का? धाकटी फोन उचलेनाशी झाली, मग तो मला यायचा.

अशात एका दुपारी धाकटीला दुकानात जावंच लागलं, आणि मला बाजारात पडदे पोचवायचे होते. मी भिंगरीला काखेत मारलं, पडद्यांचं गाठोडं दुसऱ्या हातात, आणि पडदे देऊन उन्हात दमले म्हणून भाऊजींच्या दुकानात टेकले. ते नुकते जेवायला बसले होते. म्हणजे डबा उघडून बसले होते, जेवत नव्हते. त्यांचे गाल किती आत गेले होते ते मला त्या दिवशी दिसलं.

त्यांनी भिंगरीला मांडीवर घेतलं. डब्यात घरचाच भात, डाळ आणि उकडलेला बटाटा. भाऊजी मला काहीतरी सांगत होते, पोरीकडे कोणाचं लक्ष नव्हतं, आणि तिने डब्यात हात घातला. मुठीत बटाटा आला. तिने तो तोंडात कोंबला. भाऊजी बोलता बोलता थांबले. तिने चावला, गिळला, पुन्हा हात घातला. नाकाला भात, कानाला डाळ, आणि पोर खात होती. भाऊजींचा हात हवेत तसाच राहिला. असे कितीतरी घास गेले.

आणि मग माणसाला राहवेना. त्यांनी तिला उचललं आणि सवयीने समोरच्या काट्यावर ठेवायला गेले. पत्र्याचा स्पर्श झाला मात्र, भिंगरी ताठ झाली, तोंडातला बटाटा बाहेर आला आणि तेच घरातलं किंचाळणं. मी ओरडणार होते. शब्द ओठावर होते. पण भाऊजींनी तिला झटकन छातीशी घेतलं आणि ते काट्याकडे बघत उभे राहिले, गिऱ्हाइकाच्या काट्याकडे बघतात तसे.

बराच वेळ ते तिला थोपटत होते. ती शांत झाल्यावर पुन्हा मांडीवर घेऊन बसले, डबा पुढे ओढला, बोटावर भात घेऊन तिच्यासमोर धरला. तिने नुसतं बघितलं, मग तोंड उघडलं. तो घास गेल्यावर भाऊजींनी फळीवरून एका काट्याचं सुटं ताट काढलं आणि काही न करता फक्त टेबलावर डब्याशेजारी ठेवलं. पुढचा घास धरला. भिंगरीने ताटाकडे बघितलं आणि ओठ घट्ट मिटले. मान फिरवून तिने त्यांच्या सदऱ्यात तोंड लपवलं. भाऊजींनी ताट उचलून टेबलाखाली ठेवलं. आता आणखी एकदा वर ठेवून बघतात की काय म्हणून मी पुढे झाले, पण त्यांनी नाही ठेवलं. त्यांना जे बघायचं होतं ते बघून झालं होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बघायचं, असंच ते काटे तपासतात.

"वहिनी," ते म्हणाले, "काटा बरोबर आहे. मीच टेकलोय."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, कारण भिंगरी त्यांचं बोट चोखत होती. मला इतके दिवस जे जे बोलायचं होतं त्यातलं काहीच बोलावंसं वाटलं नाही. मी पदराने त्यांचे डोळे पुसले, माझ्या पोरांचे पुसायचे तसे, आणि पोरीचं नाकही त्याच पदराने पुसलं.

त्या संध्याकाळी काटा घरातून गेला. भाऊजी तो उचलून दुकानात घेऊन गेले आणि धाकटीने टेबलावर, तो होता त्या जागी, मिठाची बरणी ठेवली. तिने डॉक्टरीणबाईंना फोन करून सगळं सांगितलं. बाई म्हणे एवढंच म्हणाल्या की काय द्यायचं आणि कधी द्यायचं हे आई-बापांचं काम, किती खायचं हे तिचं. सगळ्यांबरोबर बसवा, तिने तोंड फिरवलं की थांबा, मागे लागू नका, आणि एका दिवसात काही होणार नाही.

खरोखरच झालं नाही. तुम्हाला वाटेल काटा गेला आणि पोर खायला लागली. कसली लागतेय. ती टेबलाजवळ आली तरी त्या जागेकडे बघायची. वाटी आली की अजून अंग चोरायची. म्हणून आम्ही टेबल सोडलं आणि जमिनीवर सतरंजी टाकून सगळे खाली बसायला लागलो, मीसुद्धा माझं ताट घेऊन खाली यायचे. भिंगरी मधे. तिच्यासमोर तिचं, आमच्यासमोर आमचं. ती कधी दोन घास खायची, कधी नुसता भात सतरंजीला लावायची, आणि कोणी काही म्हणायचं नाही.

सगळ्यात हाल भाऊजींचे. महिना पुढे सरकत होता, नळी डोळ्यांसमोर होती, आणि हातात एकही आकडा नाही. ते मांडी बदलायचे, पाणी प्यायचे, उठायचे, बसायचे. एकदा धाकटीने त्यांना पकडलं. दाराआड उभे राहून ते भिंगरीला दोन्ही हातांवर हळूहळू वरखाली करत होते, डोळे मिटून. हाताने तोलत होते. पोर खिदळत होती, तिला तो खेळ वाटला. धाकटी म्हणाली, "खाली ठेवा तिला." त्यांनी ठेवलं. मला हे सांगताना ती हसत होती आणि लगेच म्हणाली, पण ताई, खरंच जड झालीय का हो? मी म्हटलं, मला नाही कळत. रोज कडेवर घेणाऱ्याला वजन कळत नाही, हेच खरं.

दाखवायच्या दिवशी सकाळपासून भाऊजींनी काही खाल्लं नाही. आदल्या दिवशीही नुसता चहा. मी डबा घेतला होता, भिंगरीसाठी भात आणि बटाटा, कारण तिथे किती बसावं लागेल सांगता येत नाही. बाकावर आम्ही चौघं. आत कुठलं तरी बाळ रडत होतं आणि दर रडण्याला भाऊजींचा पाय हलायचा. भिंगरी त्यांच्या मांडीवर बसून बटाटा खात होती, निम्मा तोंडात, निम्मा हातात. मधेच तिने वर बघितलं. बापाचं तोंड बंद. तिने आपल्या तोंडातला बटाटा बाहेर काढला आणि तो त्यांच्या ओठांना लावला. ते दचकले. तिने जोर लावला. ज्या माणसाने आयुष्यात पितळेच्या वजनाला बोट लागू दिलं नाही, त्याने तोंड उघडलं आणि तो उष्टा, चघळलेला बटाटा गिळला. भिंगरीने नीट बघून घेतलं की गेला का, आणि मग पुढचा तुकडा स्वतः खाल्ला.

आत बोलावलं तेव्हा मी डबा आणि पिशव्या सांभाळत दाराशी थांबले. दार अर्धवट उघडं होतं. परिचारिकेने बाळांच्या काट्यावर कापड टाकलं, भिंगरीला घ्यायला हात पुढे केले, आणि ते ताट बघताच पोरीने बापाच्या गळ्याला जी मिठी मारली ती सुटेना. पण भाऊजी परिचारिकेला काहीतरी म्हणाले, चपला काढल्या आणि भिंतीजवळच्या मोठ्या माणसांच्या काट्यावर तिला घेऊन स्वतः उभे राहिले. भिंगरी त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती. रडली नाही. मग त्यांनी तिला धाकटीकडे दिलं आणि पुन्हा एकटे उभे राहिले. परिचारिका दोन आकडे वजा करत होती. त्या काट्याचा एक पाय डुगडुगत होता, मला दारातूनही दिसलं. भाऊजींचा हात खिशातल्या पान्याकडे गेला, आणि परत आला. दोन्ही वेळा सारखाच चुकेल, फरक बरोबर येईल, हे ते मला घरी जाताना सांगणार होते. पण तेव्हा ते नुसते उभे होते, हात खाली सोडून, कशालाही न टेकता.

डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. धाकटी बाहेर आली ती रडतच, आणि मला घट्ट धरून म्हणाली, "नळी नको म्हणाल्या, ताई. असंच चालू ठेवा म्हणाल्या." मग मीही रडले आणि पिशव्या खाली पडल्या.

भाऊजी मागून आले. भिंगरी त्यांच्या खांद्यावर बसून कान ओढत होती. मी डोळे पुसले आणि विचारलं की किती वाढलं?

"थोडंसं," ते म्हणाले.

मग मला तो मोका सोडवेना. हातातलं भांडं धरून ते विचारतात तसंच मी विचारलं, "थोडंसं म्हणजे किती?"

भाऊजी बाकावर बसले, पोरीला मांडीवर घेतलं आणि माझ्या हातातल्या डब्याकडे बघून म्हणाले, वहिनी, त्यात भात उरलाय का? भूक लागलीय.

मी डबा उघडून दिला. दोघांनी मिळून संपवला.